पुन्हा तीन खेळांकडे : बारा आठवड्यांच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

या वहीतील मागची नोंद १० फेब्रुवारी २०२४ ची आहे : “सायकल ४० कि.मी., वारा समोरून, शेवटी पाय हलके.” त्याखाली अर्धे पान कोरे आहे. मधले जवळपास अकरा महिने कार्यालयातील हिशेबाची जुनी संगणकप्रणाली काढून नवी बसवण्यात गेले. त्या काळात सराव बंद करायचा, असे मी एकदाही ठरवले नव्हते. तो दर सोमवारी पुढच्या सोमवारवर ढकलला गेला, एवढेच. कार्यालयातले काम ज्या रीतीने तारखा घालून पार पाडले, त्याच रीतीने हेही करून पाहावे, म्हणून आजपासून या नोंदी प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे ठेवणार आहे : काय ठरवले, काय झाले, काय बिघडले आणि त्यावर काय केले.

उद्दिष्ट असे की शनिवार, २९ मार्च रोजी स्प्रिंट ट्रायथलॉनचे अंतर, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, एकटीने आणि घड्याळ लावून सलग पूर्ण करायचे. ऑलिंपिक अंतर याच्या बरोबर दुप्पट असते आणि ते मी पूर्वी दोनदा पूर्ण केले आहे, म्हणून आधी तेच लिहिले होते, नंतर खोडले. हाताशी आठवड्याला पाच तास आहेत, पूर्वीसारखे नऊ नाहीत.

सुरुवात करण्यापूर्वी, गमावले किती, याचा अंदाज घेतला. नियमित सराव करणाऱ्या सात जणांचा सराव ८४ दिवस पूर्ण थांबवून केलेला एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांतच सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर मूळ पातळीच्या सुमारे १६ टक्के खाली स्थिरावली. सुरुवातीच्या घसरणीमागे मुख्यतः हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होणे हे कारण होते, आणि ते कमी होण्यात रक्तातील द्रवाचे प्रमाण घटण्याचा मोठा वाटा असतो. हे वाचून मला थोडा धीर आला, कारण द्रव जसा लवकर आटतो तसा तो लवकर भरूनही येतो. स्नायू, हाडे आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) यांच्याविषयी त्या अभ्यासातून काही शोधावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

७ जानेवारी, मंगळवार

आज सायकल खाली काढली. धूळ पुसली की झाले, असे वाटले होते, पण काम दीड तास पुरले. पुढच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर बोटभर अंतराने बारीक चिरा पडल्या आहेत; हवा भरताना त्या तोंड उघडल्यासारख्या रुंदावल्या, तेव्हा हवा पुन्हा सोडून दिली. ब्रेकच्या रबरांवर चकचकीत कडक थर आला होता, तो सँडपेपरने घासून काढला.

चेन मोजण्यासाठी स्टीलची इंची पट्टी वापरली. आतली एक आणि बाहेरची एक अशी कड्यांची जोडी नव्या चेनमध्ये बरोबर एक इंच भरते, म्हणजे बारा जोड्या बारा इंचांवर संपायला हव्यात. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला, तेव्हा बाराव्या जोडीची पिन बारा इंचांच्या रेघेपुढे जवळजवळ एक अष्टमांश इंच गेलेली दिसली. एक षोडशांश इंच वाढल्यावरच चेन बदलायची असते. एवढी वाढलेली चेन मागच्या दातेरी चक्रांचे दातही झिजवते. लोक चेन “ताणली” म्हणतात, प्रत्यक्षात लोखंड ताणले जात नाही, पिना आणि त्यांची भोके झिजून प्रत्येक जोडात थोडी मोकळीक येते. ही झीज अकरा महिन्यांच्या विश्रांतीतली अर्थातच नाही, ती त्याआधीच्या हंगामातली आहे. तेव्हा मी फक्त माझे आकडे मोजत होते.

नवी चेन, मागची चक्रे आणि दोन्ही टायर बसवायला दिले. पोहण्याच्या गॉगलचा पट्टा हातात घेताच तुटला. तोही यादीत टाकला.

९ जानेवारी, गुरुवार

पहिले पोहणे. ठरवले होते ८ वेळा ५० मीटर, मध्ये तीस सेकंद थांबा. झाले ६ वेळा. सहाव्या फेरीच्या शेवटी भिंत धरली तेव्हा दंडांत जोर उरला नव्हता, पण दम मात्र पुष्कळ शिल्लक होता, याचा अर्थ मी ताकदीने पाणी मागे ढकलत होते आणि पाणी बाजूने निसटत होते. २५ मीटरच्या एका लांबीला हात, म्हणजे हातांचे फटके, मोजले, तर २७ भरले. जुन्या वहीत २० लिहिलेले आहेत.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे, त्यामुळे तीन खेळांपैकी पोहण्यातच बेढबपणाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. सायकलवर आडदांडपणे पाय मारले तरी सायकल पुढे जाते. पाण्यात डोके दोन बोटे वर उचलले की कंबर खाली जाते, आणि मग आपण स्वतःचेच शरीर नांगरासारखे ओढत राहतो. म्हणून पुढचे दोन आठवडे पोहण्यात अंतर वाढवायचे नाही, फक्त हातांची संख्या खाली आणायची, असे ठरवले.

१२ जानेवारी, रविवार

काल सायकल ४५ मिनिटे, आज धावणे आणि चालणे आलटून पालटून २४ मिनिटे : एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. काठी टेकत चालणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या चालण्याच्या मिनिटांत मला दोनदा मागे टाकून गेले. त्यांनी दुसऱ्यांदा जाताना “चालू द्या, चालू द्या” असे म्हटले.

मेहनतीची पातळी कशाने ठरवावी, यावर थोडा वेळ घालवला. कमाल हृदयगतीसाठी २२० मधून वय वजा करण्याचे जुने सूत्र आहे, आणि २०८ मधून वयाचा ०.७ पट आकडा वजा करण्याचे २००१ सालचे सूत्र आहे. माझे वय ४३, त्यामुळे पहिले सूत्र १७७ देते आणि दुसरे १७८. दोन्ही जुळले म्हणून हा आकडा खरा मानावा, असा मोह होतो. पण चाळिशीच्या आसपास ती सूत्रे गणितानेच एकमेकांना छेदतात, त्याचा माझ्या हृदयाशी काही संबंध नाही. एकाच वयाच्या दोन व्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणून घड्याळ हातावर राहील, पण कसोटी बोलण्याची राहील : पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले तर सराव सोपा, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कठीण. पहिले सहा आठवडे सगळा सराव सोपाच करायचा आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

मांड्या इतक्या दुखत आहेत की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना काही वाटत नाही. उतरताना स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला तोच प्रकार सर्वांत जड जातो. हे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचून ओसरते. आज फक्त पोहणे, २५ मीटरला २५ हात.

१९ जानेवारी, रविवार

पोहण्याची मूळ गती ठरवण्यासाठी चाचणी घेतली. पद्धत अशी की ४०० मीटर आणि २०० मीटर, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, दोन्ही शक्य तितक्या वेगाने पोहायचे; मोठ्या वेळेतून लहान वेळ वजा करायची आणि उरलेल्या वेळेला दोनने भागायचे. मिळतो तो १०० मीटरचा वेग, जो थकून न कोसळता बराच वेळ टिकवता येतो. ४०० ला ९ मिनिटे ३६ सेकंद, २०० ला ४ मिनिटे ३६ सेकंद लागले. फरक बरोबर पाच मिनिटे, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटे ३० सेकंद. पूर्वीचा आकडा २ मिनिटे ८ सेकंद होता.

घरी येऊन जुने आणि नवे आकडे शेजारी-शेजारी लिहायला घेतले आणि दोन ओळींनंतर थांबले. जुन्या आकड्यांशी तुलना करून आज काय करायचे, हे कळत नाही. फक्त आपण कोण होतो, हे कळते. पुढच्या चाचणीपर्यंत जुनी पाने रबर लावून बंद केली आहेत.

२४ जानेवारी, शुक्रवार

कार्यालयात वर्षअखेरच्या अहवालाची पूर्वतयारी. तीन दिवस सराव नाही. चुकलेला सराव शनिवार-रविवारी भरून काढायचा नाही, हा नियम आजच लिहून ठेवते, कारण उद्या मी तो मोडण्यासाठी कारण शोधेन.

२ फेब्रुवारी, रविवार

चौथा आठवडा संपला. या आठवड्यात सगळेच अचानक सोपे झाले. ज्या चढावर पहिल्या आठवड्यात नाडी १५८ वर जात होती तिथे आता १४४ राहते. पोहताना तीन हातांमागे एक श्वास पुरतो. धावताना चालण्याची मिनिटे नकोशी वाटू लागली आहेत. आज ३ किलोमीटर सलग धावायचे ठरवले होते. तिसऱ्या किलोमीटरला दम इतका शिल्लक होता की पुढचे वळण घेतले, मग त्यापुढचे. शेवटी ७ किलोमीटर झाले, वेग पूर्वीच्या सोप्या वेगापेक्षा फारसा कमी नाही.

वहीत “उत्तम” असा शेरा लिहिला आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तो शेरा खोडलेला नाही, पण त्याच्यापुढे आजची तारीख घातली आहे. काल सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि उजव्या टाचेमागे, घोट्याच्या साधारण चार बोटे वर, काहीतरी ताठरून बसल्यासारखे वाटले. दहा पावलांत ते सैल झाले, म्हणून दुर्लक्ष केले. आज सकाळी वीस पावले लागली. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ती जाड कंडरा धरली तर एका ठिकाणी स्पष्ट दुखते, आणि डाव्या बाजूपेक्षा तिथे ती जाडही लागते.

कारण शोधायला दूर जावे लागले नाही. रक्तातील द्रव सराव सुरू होताच काही दिवसांत वाढू लागतो, हृदयाचे काम हलके होते आणि त्यामुळे दम लवकर परत येतो; पोटरीचे स्नायूही काही आठवड्यांत सावरतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिची बांधणी मुख्यतः कोलॅजनच्या तंतूंची, आणि ते तंतू भाराला सरावून मजबूत व्हायला महिने लागतात. धावताना टाचेच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण प्रत्येक पावलाला येतो. रविवारी माझ्या हृदयाने सात किलोमीटरचा हिशेब मंजूर केला आणि देणे मात्र कंडरेवर आले. पहिल्या दिवशीच्या नोंदीत मी ज्या गोष्टीने धीर धरला होता, तीच ही.

एक विचित्र गोष्ट अशी की सराव कधीच न केलेली व्यक्ती या चुकीपासून बहुधा वाचते, कारण तिला दमच पुरत नाही. शिवाय सात किलोमीटर म्हणजे किरकोळ अंतर, ही माझी समजूत अकरा महिन्यांत तसूभरही घटलेली नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. कंडरा तुटलेली नाही, चिडलेली आहे. पूर्ण विश्रांती मिळेल, असे मला वाटले होते, पण उलट काम मिळाले : पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दोन्ही पायांनी वर जायचे, वजन उजव्या पायावर घ्यायचे आणि टाच पायरीच्या पातळीखाली अगदी हळू सोडायची. एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी १५ चे ३ संच, दिवसातून दोनदा. थोडे दुखले तरी चालेल, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा वाढता कामा नये. धावणे दहा दिवस बंद. सायकल चालेल, मात्र उभे राहून चढ चढायचा नाही. पोहणे चालेल, भिंतीला पायाने जोरात ढकलायचे नाही.

सकाळचा ताठरपणा किती पावले टिकतो, हा आकडा आजपासून रोज वहीच्या समासात लिहीत आहे. आज २२.

११ फेब्रुवारी, मंगळवार

समासात १६. धावणे बंद असल्याने पोहण्याला चार दिवस मिळाले. आज मुलगी सोबत आली होती, तिला काठावरून माझे चित्रण करायला सांगितले. मला खात्री होती की माझा डावा हात सरळ पुढे जातो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आई, तू डाव्या हाताने कुणाला तरी ढकलत बाजूला करतेयस असं दिसतंय.” चित्रण पाहिले, तर डावा हात डोक्यासमोरून उजव्या बाजूला ओलांडून पाण्यात शिरत होता; त्याबरोबर कंबर डावीकडे वळत होती आणि तोल सावरण्यासाठी पाय कात्रीसारखे फाकत होते. एका चुकीच्या हातामुळे तीन ठिकाणी पाणी अडत होते.

हात खांद्याच्या रेषेतच पाण्यात शिरावा, यासाठी मुद्दाम फार बाहेर टाकतो आहोत, अशा भावनेने पोहले. पुन्हा चित्रण केले, तर तो नेमका सरळ दिसला. शरीराला जे “फार बाहेर” वाटत होते, ते प्रत्यक्षात “बरोबर” होते. २५ मीटरला २३ हात.

१६ फेब्रुवारी, रविवार

समासात ८. पुन्हा धावणे : एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, दहा वेळा, सपाट जमिनीवर. दुसऱ्या दिवशी आकडा वाढला नाही तरच पुढचे पाऊल.

धावण्याचे अंतर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम सर्वांच्या तोंडी असतो. नवशिक्या धावपटूंवर नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या नियमाप्रमाणे सावकाश अंतर वाढवणारा गट आणि नेहमीच्या कार्यक्रमाचा गट यांच्यात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. माझा निष्कर्ष नियम फेकून द्यावा, असा नाही; तीनावरून सातावर जाण्याचा बचाव कोणताच प्रयोग करणार नाही. पण टक्केवारी ही कंडरेची भाषा नाही. सकाळच्या पावलांचा आकडा तिच्याकडून थेट येतो, म्हणून मी तो मानणार आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

समासात ३. पहिला ब्रिक सराव, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणे. सायकल ४० मिनिटे, धावणे १० मिनिटे.

उतरल्यावरचे पहिले शंभर-दोनशे मीटर मी विसरले होते. पाय आपले नाहीत, कुणीतरी उसने दिले आहेत, असे वाटते. गुडघे उचलले जातात पण पाऊल पुढे पडत नाही. सायकलवर कंबर सतत दुमडलेली असते, पाय वर्तुळात फिरतात आणि वजन सीट पेलते. धावताना कंबर उलगडावी लागते आणि प्रत्येक पावलाला सगळे वजन एका पायावर येते. हा बदल काही मिनिटांत जमतो, आणि पुनःपुन्हा केल्याने लवकर जमू लागतो.

खरा धोका वेगाच्या अंदाजाचा आहे. पायांना पेडलच्या लयीची सवय लागलेली असते, त्यामुळे आपण रांगत आहोत असे वाटत असताना घड्याळ किलोमीटरला ५ मिनिटे ५० सेकंदांचा वेग दाखवत होते, जो सध्या मला परवडणारा नाही. म्हणून यापुढे ब्रिकमध्ये पहिली पाच मिनिटे घड्याळाकडे पाहूनच धावायचे आणि पायांचे ऐकायचे नाही. बाकी सर्वत्र नेमके उलटे करायचे असल्याने हे लिहून ठेवणे आवश्यक वाटले.

८ मार्च, शनिवार

आठवडाभरात सायकल ७२ किलोमीटर, धावणे ११, पोहणे ४.२. समासातला आकडा सलग नऊ दिवस ० किंवा १ आहे. या आठवड्यापासून एक कठीण सराव सायकलवर सुरू केला : चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे हलके, चार वेळा. धावण्यात जोर अजून नाही, पोहण्यातही फक्त शेवटच्या चार लांब्या.

दुपारी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळ बदलण्याचा सराव केला. हेल्मेट उलटे, पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे, सायकलच्या हँडलवर, बूट तोंड उघडे करून, मोजे नकोत. स्पर्धेत हेल्मेटचे बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही आणि सायकल परत जागेवर ठेवेपर्यंत ते काढता येत नाही. एकटीच्या चाचणीत हा नियम मोडला तरी कुणी पाहणार नाही, पण हातांना जो क्रम आज लागेल, तोच पुढे राहील. ओल्या बोटांनी बक्कल लावायला पहिल्यांदा १९ सेकंद लागले, सहाव्यांदा ६. बुटांच्या नाड्या काढून लवचीक नाड्या ओवल्या. या अर्ध्या तासात जेवढा वेळ वाचवायला शिकले, तेवढा वेग धावण्यात आणायला मला महिना लागेल.

१५ मार्च, शनिवार

पोहण्याची दुसरी चाचणी. ४०० मीटर ८ मिनिटे ५२ सेकंद, २०० मीटर ४ मिनिटे १८ सेकंद. फरकाचे निम्मे केल्यावर १०० मीटरला २ मिनिटे १७ सेकंद. जानेवारीपेक्षा १३ सेकंद कमी, आणि त्यातले बरेचसे डाव्या हाताचे श्रेय असावे, कारण दम तर फेब्रुवारीतच परत आला होता. हात २२.

१९ मार्च, बुधवार

आजपासून भार उतरवणे सुरू. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ साली झाले होते, त्यात साधारण दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करणे आणि तीव्रता मात्र तशीच ठेवणे सर्वांत लाभदायक ठरले होते. माझे मुळातले प्रमाणच थोडे आहे, म्हणून दहा दिवस पुरतील, असा अंदाज केला. सायकलवरचे चार मिनिटांचे तुकडे चाराऐवजी दोन.

हे दिवस मला नेहमीच सर्वांत अवघड जातात. रिकामा वेळ मिळताच शरीराच्या प्रत्येक कोपऱ्यातून तक्रारी ऐकू येऊ लागतात.

२२ मार्च, शनिवार

अडचण. २९ तारखेला जलतरण तलाव सकाळी सफाईसाठी बंद राहील आणि दुपारी चारला उघडेल, असे कळले. पहिला विचार असा आला की सायकल आणि धावणे सकाळी उरकावे आणि पोहणे दुपारी शेवटी करावे. तसे पाहिले तर २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन दिएगो येथील मिशन बेमध्ये झालेली पहिली आधुनिक ट्रायथलॉन “धावणे, सायकल, पोहणे” अशाच नावाने जाहीर झाली होती आणि तिच्यात ४६ जण उतरले होते. पण १९७८ साली हवाईत झालेल्या पहिल्या आयर्नमॅनपर्यंत, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनपर्यंत, पोहणे आधी आले आणि पुढे तोच क्रम रूढ झाला. त्यामागचे शहाणपण उघड आहे : थकलेला माणूस सायकलवरून उतरू शकतो, धावता-धावता रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पाण्याच्या मधोमध मात्र त्याला बसता येत नाही.

आणि मध्ये काही तासांची विश्रांती घेतली तर ते तीन वेगळे व्यायाम होतील, त्याला ट्रायथलॉन म्हणता येणार नाही. निर्णय : संपूर्ण चाचणी दुपारी चार वाजता, नेहमीच्याच क्रमाने. तलावाच्या जीवरक्षकांना सांगून ठेवले, सायकल फाटकाच्या आत ठेवायला त्यांची हरकत नाही.

२९ मार्च, शनिवार

वेळा आधी लिहिते.

पोहणे ७५० मीटर : १८ मिनिटे ५ सेकंद. पहिला बदल : ३ मिनिटे १० सेकंद. सायकल २० किलोमीटर : ४१ मिनिटे ४० सेकंद. दुसरा बदल : १ मिनिट ३५ सेकंद. धावणे ५ किलोमीटर : ३१ मिनिटे २० सेकंद. एकूण १ तास ३५ मिनिटे ५० सेकंद.

तलावात पहिल्या चार लांब्या माझ्या ठरलेल्या गतीपेक्षा वेगात गेल्या आणि त्याचे व्याज विसाव्या लांबीपासून द्यावे लागले. शेवटी हात २५ वर गेले होते. पहिल्या बदलात तीन मिनिटे लागली, कारण तलावापासून फाटकापर्यंतच्या ओल्या फरशीवर धावायचे नाही, हे मी आणि जीवरक्षक या दोघांनीही आधीच ठरवले होते. सायकलचा पाच किलोमीटरचा वळसा चार वेळा घेतला. नवी चेन इतकी शांत चालते की तिसऱ्या फेरीत मला फक्त माझा श्वास आणि टायरचा आवाज ऐकू येत होता. पेडलची लय मिनिटाला ८५ ते ९० च्या दरम्यान राखली.

धावण्यात पहिला किलोमीटर ठरवल्याप्रमाणे घड्याळाकडे पाहून ६ मिनिटे २५ सेकंदांत केला, पाय जोर करायला सांगत असतानाही. तिसऱ्या किलोमीटरनंतर पायांचे सांगणे बंद झाले, आणि शेवटच्या किलोमीटरात मी जेवढे होते तेवढे दिले : ६ मिनिटे १ सेकंद. मुलगी फाटकाशी घड्याळ घेऊन उभी होती. तिने वेळ सांगण्याआधी विचारले, “टाच?” मला त्या क्षणापर्यंत टाचेची आठवण झाली नव्हती.

३१ मार्च, सोमवार

समासात काल ४, आज २. फिजिओथेरपिस्टने घालून दिलेल्या मर्यादेत आहे.

जुन्या पानांवरचे रबर काल रात्री काढले. याच अंतराची माझी सर्वांत चांगली वेळ १ तास २६ मिनिटे २० सेकंद होती, म्हणजे परवाची वेळ साडेनऊ मिनिटे जास्त आहे. पोहण्यात १ मिनिट २५ सेकंद, सायकलवर ३ मिनिटे १० सेकंद, धावण्यात ३ मिनिटे ४० सेकंद आणि दोन बदलांत मिळून सव्वा मिनिट. हे आकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली की जुन्या वहीत दोन वर्षांच्या नोंदींमध्ये टाच, गुडघा, कंडरा, चेन यांपैकी एकही शब्द सापडत नाही. त्या काळात काही झिजलेच नाही, असे नाही. चेनने तरी ते सिद्ध केले आहे.

एप्रिलसाठी : आठवड्याला पाच तासच. धावणे ११ वरून १३ किलोमीटर, त्यात जोराचा भाग अजूनही नाही. चेन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पट्टीने मोजायची. डाव्या हाताचे चित्रण पंधरा दिवसांनी पुन्हा. ऑलिंपिक अंतराची तारीख घालायची नाही. पायरीवरचे संच बारा आठवडे करायचे आहेत, त्यांपैकी साडेसात झाले.

उद्या सकाळी : चेन, पट्टी. टाच, १५ चे ३ संच, गुडघा ताठ. मग १५ चे ३ संच, गुडघा वाकवून.